मान्सून अंदमानात दाखल

ही बातमी वाचून ज्याच्या चेहऱ्यावर हसू येत नाही तो मराठी माणूस नव्हे. मे महिन्याचा उत्तरार्ध, अंगाची लाही, पाठीला चिकटलेला सदरा आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो नकाशा: बंगालच्या उपसागरात शिरलेली बाणांची रांग. मग केरळात एक जूनला की आधीच, तळकोकणात कधी, मुंबईत कधी, अशी घरोघर आकडेमोड सुरू होते. आयुष्यभर ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवत आलो. अंदमान म्हणजे जिथे पाऊस आपल्याआधी पोचतो ती जागा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. त्या अंदमानाभोवती समुद्र असतो, त्या समुद्राला पलीकडेही एक किनारा असतो, त्या किनाऱ्याला लागून फुकेत नावाचं बेट असतं आणि तिथल्या सहली मेअखेरीला स्वस्त असतात, या चार गोष्टी मी कधी एकत्र मांडून पाहिल्या नव्हत्या.

मी सेवानिवृत्त माणूस. मला बाराही महिने मोकळे. पण सहलकंपनीच्या माहितीपत्रकात मेअखेरच्या दरावर काट मारून खाली लाल अक्षरांत नवा दर छापलेला होता, आणि लाल अक्षरांपुढे माझं काही चालत नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, "या दिवसांत समुद्र कसा असेल?" त्यावर मी जे हसलो, ते हसू त्यांनी पुढे पुष्कळ दिवस मला करून दाखवलं.

कारण मी कोकणातला. डोंबिवलीत राहतो, पण मूळ गाव गुहागर. गुहागरची रचना अशी की पुढे रस्ता, मग घर, मग आगर आणि आगर संपलं की समुद्र. नारळी-पोफळीतून दोन मिनिटं चाललं की पायाखाली वाळू. सगळ्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. आता इतक्या जवळ समुद्र असलेल्या माणसाला पोहता येतं का, असं कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नसताना मी स्वतःहून कशाला सांगू? आमच्या आजीचा दंडक होता: "बुडालास तर तंगडं मोडून ठेवीन." आम्ही समुद्राला नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचो, नमस्कार करायचो आणि घरी येऊन नारळीभात खायचो. प्रत्यक्ष आत जायचं काम गावातल्या मच्छीमार मंडळींचं. एक जून आला की तीही होड्या वर ओढून घेतात आणि जुलैअखेरपर्यंत समुद्राचं नाव काढत नाहीत. हे मला पाठ होतं. फुकेतला निघताना मात्र ते पाठच राहिलं.

आमच्या गटात सगळा महाराष्ट्र होता. नाशिकचं नवविवाहित जोडपं, सांगलीच्या भिशीतल्या सहा मावश्या, ठाण्याचे दोन परिवार मुलाबाळांसह, आणि सांगोल्याचे अण्णा. अण्णा सत्तरीचे, डाळिंबाचे बागायतदार. मुलाने बळेच पाठवलेलं. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि समुद्र उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना पंखाखाली घेतलं. भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय, लाट कशी ओळखावी, सगळं सांगितलं. अण्णा "हां, हां" करत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "खोली किती म्हनायची?" मी म्हटलं, "अथांग." ते म्हणाले, "तसं न्हवं. परसभर का वीस परस?" मला उत्तर येईना, तेव्हा मी विषय माशांकडे वळवला.

फी फी बेटांची एका दिवसाची सहल हा कार्यक्रमाचा मुकुटमणी. फुकेतपासून पंचेचाळीस-एक किलोमीटर, स्पीडबोटीने साधारण तासाभराचा रस्ता. सकाळी बसमधून धक्क्याकडे जाताना एका मावशींच्या फोनवर बातमी आली आणि त्यांनी ती सगळ्यांना ऐकवली: "मान्सून अंदमानात दाखल!" बसभर टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या माझ्या. "यंदा वेळेवर आहे," असं प्रशस्तिपत्रकही मी पावसाला देऊन टाकलं.

धक्क्यावर चपला-बूट काढून टोपलीत टाकायचे, मनगटावर रंगीत पट्टी बांधून घ्यायची, चहा-बिस्किटं घ्यायची आणि उलटी होऊ नये म्हणून एक छोटी गोळी घ्यायची, असा शिरस्ता होता. गोळ्यांचा डबा घेऊन आमचा टूर मॅनेजर माझ्यासमोर आला. "काका, घ्या. आज वारा आहे." मी डबा मागे सारला. "अरे, कोकणातल्या माणसाला गोळी?" आमच्या सौ.ना त्या दिवशी संकष्टी होती. त्यांनी गणपतीचं नाव घेऊन गोळी गिळली. अण्णांनीही घेतली. "फुकट हाय तर असू द्या," म्हणाले.

धक्क्यावर मी आणखी एक समाजकार्य उरकून घेतलं. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून काही सनस्क्रीनना बंदी आहे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे चार रसायनं प्रवाळांना घातक ठरतात म्हणून ती असलेली क्रीमं नेली तर दंड होऊ शकतो, तोही एक लाख बाटपर्यंत. हे मी वाचून आलो होतो. चष्मा लावून मी सहाही मावश्यांच्या ट्यूबांवरची बारीक अक्षरं तपासली आणि दोन ट्यूबा बसमध्ये परत पाठवल्या. "मग तुम्ही काय लावलंय?" असं एका मावशींनी विचारलं. मी दंड पुढे करून दाखवला. "खोबरेल! शुद्ध. घाण्यावरचं. आमच्या सात पिढ्या हेच लावतात." त्या सात पिढ्या दुपारी अकरा ते चार माजघरात झोपलेल्या असायच्या, हा तपशील त्या क्षणी आठवला नाही.

स्पीडबोटीत जागा दोन प्रकारच्या. मागे इंजिनांजवळ, छताखाली, जिथे आवाज फार पण हिसके कमी. आणि पुढे, टोकाला, उघड्यावर, जिथे गाद्या टाकलेल्या असतात आणि समोर फक्त समुद्र. आमचा थाई गाइड भारतीय प्रवाशांकडून हिंदी शिकलेला. तो मला म्हणाला, "अंकल, आगे नो गुड. आगे बहुत डान्स." नाशिकचं जोडपं पुढे बसलं होतं. माझ्या मनात आलं, ही पोरं बसतात आणि मी मागे बायकांत बसू? मी पुढे जाऊन ऐसपैस मांडी घातली.

पहिली दहा मिनिटं बंदराच्या आडोशाची होती. तेवढ्यात मी जोडप्याला दिशा, वारे आणि समुद्री पक्षी समजावून दिले. मग आडोसा संपला. तीन इंजिनांनी एकदम जोर केला, बोटीचं नाक वर उठलं, आणि नैऋत्येकडून येणारी पहिली मोठी लाट आमच्या खालून निघून गेली. बोट मात्र वरच राहिली. मग ती खाली आली. तिच्या नंतर मी खाली आलो. माझी मांडी जी सुटली ती परत जमली नाही. पुढच्या लाटेला मी गादी धरली, त्यापुढच्या लाटेला नाशिकच्या जावयाचा खांदा धरला, आणि त्यानंतर जे हाती येईल ते धरत गेलो. तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बातमीच्या नकाशातले ते बाण! हा तोच वारा. केरळला, कोकणाला, डोंबिवलीला यायला निघालेला मान्सून आधी इथे येतो, आणि तो आला म्हणून बसमध्ये टाळ्या वाजवल्या त्या मीच. याच कारणाने लाल अक्षरांतला दर.

यानंतर प्लॅस्टिकच्या पिशवीचा प्रसंग झाला. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की नवी नवरी फार समजूतदार मुलगी होती. तिने तोंड फिरवून नवऱ्याला म्हटलं, "बघ ना, किती निळं पाणी!" मागून आमच्या सौ.चा आवाज आला, "अहो, खजूर देऊ का?" त्या मागे बसून संकष्टीचा खजूर खात होत्या. अण्णा त्यांच्या शेजारी टोपी मांडीखाली दाबून बसले होते. बैलगाडीवर यापरीस जास्त हिसकं बसत्यात, असं ते कोणाला तरी सांगत होते.

पहिला मुक्काम माया बे. हा किनारा 'द बीच' या सिनेमाने जगभर पोचवला. तो २००० साली आला आणि 'टायटॅनिक'चा हिरोच त्यात असल्यामुळे लोकांची रीघ लागली. एका दिवसाला पाच हजार माणसं त्या एवढ्याशा खाडीत उतरू लागली, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडले, आणि शेवटी २०१८च्या जूनमध्ये थाई सरकारने किनाराच बंद केला. तो उघडला २०२२च्या जानेवारीत. आता बोट समोरून येत नाही, बेटाच्या पाठीमागे तरंगत्या धक्क्याला लागते आणि झाडीतल्या लाकडी वाटेने पुढे यावं लागतं. पोहायला बंदी. पाण्यात गुडघ्यापर्यंत जायचं, फोटो काढायचे आणि वेळ संपली की निघायचं. गुडघ्याच्या वर गेलात की पहारेकरी शिट्टी मारतात.

हे सगळं मी गटाला सांगितलं, कारण जमिनीवर पाय टेकताच माझी वाणी परत आली होती. सिनेमावाल्यांनी शूटिंगसाठी तिथे माड आणून लावले होते, त्यावरून मोठा वाद झाला, हेही सांगितलं. "माड लावणं हे काय सिनेमावाल्यांचं काम आहे?" असं म्हणत मी पायजमा वर दुमडला. पोहायला बंदी हा नियम मला मनापासून आवडला. जगात इतका सुंदर समुद्रकिनारा आहे आणि तिथे पोहायचं नाही, याला मी संस्कृती म्हणतो.

गुडघाभर पाण्यात उभं राहून मी मुलांना शार्कविषयी माहिती देत होतो. किनारा बंद असताना तिथे शार्क परत आले. पंखाच्या टोकाला काळा ठिपका असलेले. त्यांची पिल्लं उथळ पाण्यात फिरतात. "घाबरायचं कारणच नाही," मी म्हणालो. "अगदी निरुपद्रवी. आमच्याकडे मुशी म्हणतात, बाजारात मिळते, तिचं कालवण करतात. एखादी दिसली तर स्तब्ध उभं राहायचं. ती आपल्याला घाबरून..." इथे माझ्या पोटरीजवळून हातभर लांबीचं काहीतरी काळ्या ठिपक्यासह शांतपणे निघून गेलं. पुढे काय झालं ते मला ठाण्याच्या मुलांनी काढलेल्या व्हिडिओवरून कळलं. त्यात मी किनाऱ्याकडे पळायला हवा होतो, पण पळतो आहे समुद्राकडे. गुडघ्यावरून मांडीला, मांडीवरून कमरेला. आणि पाठीमागून तीन दिशांनी शिट्ट्या. एवढ्या शिट्ट्या मला उमेदवारीच्या वयात कॉलेजच्या गॅदरिंगलाही मिळाल्या नव्हत्या. पहारेकऱ्याने दंडाला धरून मला बाहेर आणलं आणि नियमांच्या फलकासमोर उभं केलं. फलक मी आधीच सगळ्यांना वाचून दाखवला होता.

तिथून जवळच पिले लगून. चहूबाजूंनी चुनखडीचे उभे कडे, मध्ये हिरवंगार पाणी, आत लाट नाही. इथे मात्र पोहायचंच असतं. सगळ्यांना लाइफ जॅकेटं दिली होती. अण्णांनी आपलं जॅकेट काढून बाकावर ठेवलं. सदरा काढला, टोपी त्यावर ठेवली, पायजम्याचा काचा मारला. मी घाईने पुढे झालो. "अण्णा, थांबा! हा समुद्र आहे. आधी मी उतरतो, मग..." अण्णांनी वाकून पाण्याकडे पाहिलं. "तळ दिसतोय की," म्हणाले, आणि बोटीच्या कडेवरून मुटका मारला. जे उडालं त्या पाण्याने सहाही मावश्या भिजल्या. बराच वेळ अण्णा वर आलेच नाहीत. मग बोटीच्या दुसऱ्या बाजूला डोकं निघालं. "मीठ लई हाय ओ," एवढीच त्यांची समुद्राबद्दल तक्रार होती.

ते विहिरीत पोहायला शिकले होते. सहाव्या वर्षी पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी ढकललेलं. साठ फुटी विहीर, खाली काळंशार पाणी, पायऱ्या नाहीत, दोर धरून वर यायचं. अशा विहिरीत मोटर बसवायला आणि गाळ काढायला पन्नास वर्षं उतरलेला माणूस. समुद्र त्यांना सोयीचा वाटला. चढायला शिडी होती.

माझ्यापुढे आता पर्याय नव्हता. सगळे पाण्यात होते, आमच्या सौ.सुद्धा शिडीला धरून पाय हलवत होत्या. मी जॅकेट घातलं. त्याचा खालचा पट्टा बांधायचा असतो. तो पोटावर पुरेना म्हणून मी सोडून दिला. पाण्यात उतरताच मी खाली गेलो आणि जॅकेट वर गेलं. ते माझ्या कानांपर्यंत येऊन थांबलं. मला समोरचा आकाशाचा चौकोन तेवढा दिसत होता. हातांनी ते खाली ओढावं तर शिडी सुटते, शिडी धरावी तर नाक झाकतं. मी शिडी सोडली. लाट नसली तरी प्रवाह असतोच. तो मला सावकाश, आदराने, बोटीपासून दूर घेऊन चालला. काही वेळाने माझं डोकं कशाला तरी आपटलं. ती बोट होती. दोन हातांनी मला वर ओढलं गेलं. जॅकेट खाली करून पाहतो तो सभोवती अनोळखी परदेशी मंडळी. एका आजीबाईंनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात कलिंगडाची फोड दिली. त्यांची भाषा मला कळत नव्हती, माझी त्यांना. पण "हा कोणाचा?" असं त्या एकमेकांना विचारताहेत हे समजायला भाषा लागत नव्हती.

अण्णा पोहत आले. "पाव्हणं, चला. समदी वाट बघत्यात." मी म्हटलं, "अण्णा, मी इथेच थांबतो, ही बोट तिकडे जाईलच." अण्णांनी ऐकलं नाही. चुकार वासरू दाव्याने ओढत गोठ्यात आणावं तसं त्यांनी जॅकेटचा न बांधलेला पट्टा धरून मला परत आणलं. वाटेत धीर देत होते: "घाबरू नगा. पाय हालवा निसतं. आन् त्वांड मिटून ठिवा." या शेवटच्या सूचनेला आमच्या बोटीवरून मोठा प्रतिसाद मिळाला.

व्हायकिंग केव्ह आम्ही बोटीतूनच पाहिली. तिथे पाकोळीच्या जातीचे पक्षी लाळेची घरटी करतात, बांबूच्या उंच परांच्या बांधून माणसं ती उतरवतात आणि चिनी सुपात ती सोन्याच्या भावाने जातात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी काही बोललो नाही. गाइडनेच सांगितलं, आणि त्याने माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

जेवण फी फी डॉनवर. हे मोठं बेट म्हणजे दोन डोंगर आणि त्यांना जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्र. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दोन्हीकडून पाणी शिरलं आणि ही पट्टी धुऊन गेली. शेकडो माणसं गेली. म्हणून तिथे ठिकठिकाणी निळे फलक आहेत: एक लाट आणि डोंगराकडे धावणारा माणूस. गटातली मंडळी भात-आमटी जेवून अशाच एका फलकाजवळ झाडाच्या सावलीत विसावली. सौ. केळी खात होत्या.

माझी अब्रू परत मिळवायला एक शास्त्र शिल्लक होतं. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा. आज चतुर्थी, म्हणजे तीन. आत्ता वाजले होते सव्वादोन. पाणी चढतंय! मी उठून उभा राहिलो आणि हुकूम सोडला, "पिशव्या उचला! पाणी इथपर्यंत येणार! वर चला सगळे!" आमची माणसं कुरकुरत उन्हातल्या वाळूवर गेली. पण शेजारी एक गुजराती कुटुंब बसलं होतं. त्यांनी माझा आवाज ऐकला, मग माझ्या डोक्यावरचा निळा फलक पाहिला, आणि आजोबांसकट ते सगळे डोंगराच्या दिशेने निघाले. त्यांना परत आणायला टूर मॅनेजरला बराच वेळ लागला.

पाणी आलं नाही. ते खाली खाली जात राहिलं. किनाऱ्याला लागलेल्या लांबशेपटी होड्या एकेक करून वाळूवर कलंडल्या. भरतीची वेळ त्या त्या किनाऱ्याच्या घडणीवर आणि समुद्राच्या खोलीवर ठरते, गुहागरचं गणित गुहागरलाच लागू, हे मला नंतर कळलं. अण्णांना तिथेच कळलं होतं. ते म्हणाले, "वाळू पार वरपातूर वली हाय की. म्हंजी पानी आधी वर हुतं, आता उतारतंय." उन्हात उभ्या असलेल्या वीस-बावीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर माझ्या सात पिढ्यांच्या खोबरेलानेही काम चोख बजावलं होतं. नाक, टक्कल आणि पावलांच्या वरची बाजू, सगळं खरपूस. एका मावशींनी बंदी नसलेल्या ट्यूबेतला थोडा मलम बोटावर काढून दिला. ट्यूब हातात दिली नाही. मी पुन्हा अक्षरं वाचत बसेन, अशी त्यांना भीती होती.

परतीला मी न सांगता मागच्या बाकावर बसलो, न सांगता गोळी घेतली आणि फुकेत येईपर्यंत गाढ झोपलो. घोरत होतो म्हणे, इंजिनाच्या वर ऐकू येईल इतका.

रात्री चंद्रोदय पाहून सौ.ना उपास सोडायचा होता. दिनदर्शिकेतली वेळ मुंबईची. फुकेतला चंद्र किती वाजता उगवेल, असं मावश्यांनी विचारलं आणि सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नेटवर बघा." आकाश भरून आलेलं होतं, त्यामुळे कोणाची वेळ बरोबर होती हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

मुंबई विमानतळावर निरोप घेताना अण्णांनी माझा हात हातात घेतला. "पाव्हणं, या एकदा सांगोल्याला. हिरीला पानी हाय. डबा बांधतो पाठीला, चार दिसांत तरबेज करतो." मी हसून वेळ मारून नेत होतो, तर सौ.नी तिथेच उभ्या उभ्या त्यांच्याकडून फोन नंबर घेतला आणि दिवाळीनंतरची तारीखही ठरवून टाकली. आता माझी तयारी चालू आहे. विहिरीत उतरण्याआधी गोळी घ्यावी लागते का, एवढं तेवढं विचारायचं राहिलंय.